परदेशातला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतो, ते जातात कुठे?



मागे एकदा ऊसनोंदीच्या कामासाठी गट ऑफिसात दहा-बारा मंडळी बसली होती. एका सभासदाचा पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे, तोही सुटीवर आला म्हणून चुलत्याबरोबर आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, तिकडं केळी समुद्रापलीकडून बोटीनं येतात, तरी तिथल्याच बागेतल्या सफरचंदापेक्षा स्वस्त मिळतात. आणि काही केळ्यांवर, कॉफीच्या पुड्यावर एक निळी-हिरवी चकती असते. ती असली की चार पैसे जास्त पडतात. म्हणतात, ते जास्तीचे पैसे शेतकऱ्याला जातात. खरंच जातात का हो?"

त्यावर कोपऱ्यातून एक जुने सभासद म्हणाले, "आपली साखर गिऱ्हाईक रुपयानं महाग घेतो तेव्हा आपल्याला त्यातलं काय पोचतं, ते आधी सांग म्हणावं." सगळे हसले. पण पोराचा प्रश्न रास्त होता आणि आपल्या धंद्याला लागूनच होता. म्हणून जमेल तसा खुलासा या अंकात करीत आहे.

आधी कॉफी. जगात पिकणाऱ्या कॉफीपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा युरोप पितो. फिनलंडसारख्या थंड देशात माणशी वर्षाला दहा किलोहून जास्त कॉफी लागते. मात्र झाड तिथे एकही नाही. ब्राझील, व्हिएतनाम, कोलंबिया, इथिओपिया, होंडुरास आणि आपल्याकडचे कूर्ग-चिकमगळूर, इथली ही बी. आपल्या कर्नाटकातली कॉफीसुद्धा मुख्यतः इटली, जर्मनी, बेल्जियम याच बाजूला जाते. जगातल्या कॉफीचा फार मोठा भाग दोन-पाच एकरवाले लहान शेतकरी पिकवतात. म्हणजे माणूस आपल्यासारखाच. फरक एवढाच की आपला ऊस तोडल्यावर वाळत पडतो आणि लगेच गाळावा लागतो, म्हणून कारखाना शेताजवळच असावा लागतो. कॉफीची बी वाळवली की महिनोन् महिने टिकते. त्यामुळे भाजायचे, दळायचे, पुड्यात भरायचे कारखाने हजारो मैलांवर, गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहिले. युरोपात कच्च्या बीवर आयात जकात नाही, पण भाजून आणलेल्या कॉफीवर सर्वसाधारण जकात साडेसात टक्के आहे. काही गरीब देशांना सवलत असते. पण एकूण रोख असा, की बी आणा, भाजण्याचं आम्ही बघून घेऊ. कॉफीचे एक झाड नसलेली जर्मनी भाजलेली कॉफी बाहेर विकते, ती अशी.

आता भावाची गोष्ट. १९६२ साली पिकवणारे आणि पिणारे देश मिळून एक आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला. त्याचे ऑफिस लंडनला. आपल्याकडे साखर विक्रीचा महिन्याचा कोटा सरकार ठरवून देते, बाजारात एकदम माल येऊन भाव पडू नये म्हणून, तसाच हा प्रकार होता. भाव खाली आला की प्रत्येक देशाचा निर्यातीचा कोटा आवळायचा, वर गेला की सैल करायचा. ऐंशीच्या दशकात भाव रत्तलाला एक डॉलर वीस सेंट ते एक डॉलर चाळीस सेंट या पट्ट्यात राहावा असा प्रयत्न असे. (परदेशात कॉफी पौंडावर विकतात. पौंड म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळचा रत्तल, साधारण ४५४ ग्रॅम. इंग्लंडच्या पौंड या नाण्याशी घोटाळा नको म्हणून इथे रत्तलच म्हणतो.)

व्यवस्थेत भोकेही होती. कोट्यावरचा उरलेला माल कराराबाहेरच्या देशांना पडेल भावाने जाई. म्हणजे एकाच कॉफीचे दोन भाव. ते मोठ्या गिऱ्हाईक देशांना खुपत होते. कोट्यात कुणाचा वाटा किती, यावरही ब्राझील आणि इतरांचे जमेना. शेवटी जुलै १९८९ मध्ये कोटे उठले. १९८८ साली सरासरी ११५ सेंटांच्या आसपास असलेला भाव १९९२ साली ५३ सेंटांवर आला. निम्म्याच्याही खाली. त्यात व्हिएतनामने पुढच्या दहा वर्षांत एवढी लागवड केली की तो देश दुसऱ्या नंबरवर आला. २००१ साली सरासरी ४५ सेंटांच्या आसपास येऊन ठेपली.

आता युरोप-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा खर्च त्याच काळात कमी झाला का? नाही. उलट वाढला. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेने स्वतः मांडलेला हिशेब असा : नव्वदच्या सुमारास पिणाऱ्या देशांत कॉफीची किरकोळ विक्री वर्षाला सुमारे ३० अब्ज डॉलरची होती आणि त्यातले १० ते १२ अब्ज पिकवणाऱ्या देशांना मिळत. दहा-बारा वर्षांनी विक्री ७० अब्जांवर गेली आणि पिकवणाऱ्या देशांना मिळाले साडेपाच अब्ज. रुपयात सांगायचे तर आधी गिऱ्हाइकाच्या रुपयातले तेहतीस ते चाळीस पैसे पिकवणाऱ्या देशात यायचे, ते आठ पैशांवर आले. आणि हे आठ पैसेसुद्धा देशाचे, शेतकऱ्याचे नव्हेत. त्यातून निर्यातदार, दलाल, हमाली, वाहतूक वजा करा.

मधले पैसे गेले कुठे? सगळेच कुणी चोरले असे म्हणणे बरोबर होणार नाही. लोक घरी पुडा आणून कॉफी करण्याऐवजी हॉटेलात, स्टेशनावर पिऊ लागले. तिथल्या कपात कॉफीचा खर्च थोडा, जागेचं भाडं, नोकराचा पगार, दूध, कागदी पेला यांचाच जास्त. पुढे पाच-सहा ग्रॅम पूड भरलेल्या छोट्या डब्या आल्या, यंत्रात घातली की एक कप तयार. तिचा किलोचा हिशेब केला तर साध्या पुड्याच्या कित्येक पट भाव होतो. गिऱ्हाईक खुशीने देतो, कारण तो बी विकत घेत नाही, सोय विकत घेतो. आणि सरकार आहेच. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोला २ युरो १९ सेंट एवढा खास कर आहे. २००१ साली एक किलो कच्च्या बीचा जागतिक सरासरी भाव साधारण एक डॉलर होता आणि त्या वेळी जर्मन सरकारचा किलोमागचा कर जवळजवळ दोन डॉलर. वर्षभर झाड सांभाळणाऱ्याला एक आणि नुसती पावती फाडणाऱ्याला दोन!

चकतीची हकिगत या पडत्या भावातून निघते. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात डोंगरात राहणाऱ्या आदिवासी कॉफीवाल्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपली सहकारी संघटना काढली. तिचे नाव उसिरी. तिथे गावोगाव फिरून पडेल भावात माल उचलणाऱ्या दलालांना लोक 'कोयोते' म्हणतात. कोयोते म्हणजे आपल्या कोल्ह्याच्या जातीचे जनावर. नाव कुणी ठेवले माहीत नाही, पण विचार करून ठेवले आहे. फ्रान्स व्हॅन डर हॉफ नावाचे एक डच धर्मगुरू त्या लोकांत राहून काम करीत होते. त्यांनी आणि हॉलंडातल्या निको रोझेन यांनी मिळून १९८८ च्या नोव्हेंबरात 'मॅक्स हॅवेलार' नावाची खूण बाजारात आणली. हे नाव १८६० सालच्या एका डच कादंबरीवरून घेतलेले. जावा बेटावर डच राजवटीत सक्तीने कॉफी पिकवून घेत, त्या जुलमाविषयीची ती कादंबरी. पुढे अशा निरनिराळ्या देशांतल्या खुणा १९९७ साली एकत्र आल्या. तीच आजची फेअरट्रेड, म्हणजे रास्त व्यापाराची चकती.

तिचे नियम आपल्या सभासदाला लगेच समजतील. एक तळभाव ठरलेला असतो. बाजार त्याच्या खाली गेला तरी चकती लावणाऱ्या व्यापाऱ्याला तळभाव द्यावाच लागतो. बाजार वर असला तर बाजारभाव. त्याशिवाय रत्तलामागे काही सेंट वेगळा निधी, तो संस्थेकडे जमा होतो आणि कशावर खर्चायचा ते सभासदांच्या सभेत ठरते. वाळवणीचे ओटे, रस्ता, दवाखाना, शाळा, ज्याची जशी गरज. संस्थेने मागणी केली तर खरेदीदाराने कराराच्या साठ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ उपलब्ध करून द्यावी लागते. ही झाली त्यांची पहिली उचल. आणि मुख्य अट अशी की कॉफीत सुटा शेतकरी चालत नाही, लहान शेतकऱ्यांची लोकशाही पद्धतीने चालणारी संस्था पाहिजे. २००१ साली बाजारात चांगल्या धुतलेल्या अरेबिका कॉफीला रत्तलाला पन्नास सेंटसुद्धा मिळत नव्हते, तेव्हा चकतीच्या मालाला निधी धरून १ डॉलर २६ सेंट मिळाले. अडीच पट. तेव्हा पुतण्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर, होय, त्या वर्षी पैसे पोचले.

पण इथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. आपली एफआरपी २००९ साली एसएमपीच्या जागी आली, तीही 'रास्त व किफायतशीर' म्हणूनच. पण तिच्या पाठीशी कायदा आहे. चौदा दिवसांत पैसे न दिले तर कारखान्यावर कारवाई होते. (होते का, किती होते, हा वादाचा विषय, तो इथे नको.) ती मिळते नोंदलेल्या सगळ्या उसाला. चकतीच्या तळभावामागे कुठलाही कायदा नाही. गिऱ्हाइकाने चकतीचा पुडा मागितला तरच तेवढा माल त्या भावाने जातो. चकती मिळालेल्या कॉफी संस्थांचा साधारण तिसरा हिस्साच माल चकतीखाली विकला जातो, उरलेला साध्या बाजारात, साध्या भावाने. तपासणीची फी मात्र भरावीच लागते. हॉलंडात जिथे ही खूण जन्मली तिथेसुद्धा चकतीची कॉफी बरीच वर्षे दोन-तीन टक्क्यांपुढे गेली नाही. लोकांना विचारले तर निम्मे म्हणणार आम्ही घेऊ. पैसे मोजायच्या वेळी हात जातो स्वस्त पुड्याकडे. याला नावे ठेवण्यात अर्थ नाही, आपणही दुकानात तेच करतो.

दुसरी अडचण उलट बाजूने आली. २०११ साली बाजारच रत्तलाला तीन डॉलरच्या आसपास गेला. तळभाव त्या वर्षी वाढवून १ डॉलर ४० सेंट केला, निधी वीस सेंट केला, पण बाजारापुढे त्याची मातब्बरी राहिली नाही. कोयोते रोख पैशांच्या थैल्या घेऊन शेतकऱ्याच्या दारात. संस्थांनी परदेशी खरेदीदारांशी माल देण्याचे करार आधीच केलेले. सभासदांनी संस्थेला माल घालण्याऐवजी दलालाला रोखीने घातला आणि बऱ्याच संस्था करार पुरे करताना तोट्यात गेल्या. ऊस कमी आणि गुळाला भाव अशा वर्षी काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शेअर कारखान्याचा आणि ऊस गुऱ्हाळाला. त्या मेक्सिकोवाल्या-पेरूवाल्या सभासदांना दोष देण्याआधी आपल्या गटातला दाखला आठवावा.

केळ्याची गोष्ट निराळी, कारण केळे थांबत नाही. हिरवे तोडायचे, थंड बोटीत घालायचे, युरोपात नेऊन पिकवण कोठीत पिकवायचे. बोटी ज्याच्या, व्यापार त्याचा. म्हणून इथे फार वर्षे चार-दोन बड्या कंपन्यांचे राज्य होते. मध्य अमेरिकेत हजारो एकरांचे मळे, त्यावर मजूर. केळ्याची जात कॅव्हेंडिश, आपल्या जळगाव-रावेरकडची ग्रँड नैन त्याच घराण्यातली.

दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्रातली सेंट लुशिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट अशी चिमुकली बेटे. डोंगरउताराची जमीन, शेतकरी एक-दोन एकरवाले. मळ्यातल्या केळ्याशी भावात त्यांची बरोबरी शक्य नव्हती. ब्रिटनने आपल्या या जुन्या वसाहतींना बाजार राखून ठेवला होता. फ्रान्सनेही आपापल्या बेटांना. जर्मनीचे उलट. १९५७ साली रोमचा करार होताना चॅन्सेलर आडेनाउअर यांनी हट्ट धरून जर्मनीत बिनजकातीची केळी आणायची सवलत मिळवली होती. जर्मन माणसाला केळे स्वस्त मिळाले पाहिजे, हा तिथे राजकारणाचा विषय होता.

१९९३ साली सगळ्या युरोपची बाजारपेठ एक झाली, तेव्हा केळ्याचा कायदाही एकच करावा लागला. बेटांच्या केळ्याला जकात माफ, लॅटिन अमेरिकेच्या केळ्याला कोटा आणि जकात. लगेच भांडण पेटले. अमेरिका स्वतः निर्यातीसाठी केळी पिकवीत नाही, पण बड्या कंपन्या तिच्या. तिने इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको यांना बरोबर घेऊन जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. युरोप ऐकेना म्हणून १९९९ साली अमेरिकेने युरोपच्या १९ कोटी डॉलरच्या मालावर जबर जकात बसवली. हँडबॅगा, चादरी, बॅटऱ्या आणि गंमत म्हणजे विजेवर कॉफी करायची यंत्रेसुद्धा. भांडण केळ्याचे आणि दुकान बंद पडायची वेळ बॅटरीवाल्यावर! शेवटी २००६ पासून कोटा जाऊन लॅटिन केळ्यावर टनाला १७६ युरो जकात राहिली. डिसेंबर २००९ च्या जिनीव्हा समझोत्याने ती लगेच १४८ वर आणून टप्प्याटप्प्याने ११४ करायचे ठरले. पुढे कोलंबिया, पेरू, इक्वेडोर व मध्य अमेरिकेचे देश यांच्याशी वेगळे करार होऊन त्यांच्यासाठी २०२० पर्यंत ती ७५ वर आली.

जकातीचा एकेक आकडा खाली येत गेला तसतसा बेटांवरचा शेतकरी उठत गेला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या बेटांवर वीस हजारांहून जास्त केळीवाले होते. वीस वर्षांत ते काही हजारांवर आले. २०१० च्या वादळाने आणि करप्याने राहिलेल्यांना आणखी मारले. जे टिकले ते बहुतांशी चकतीच्या आधाराने. २००० सालापासून त्यांची केळी चकतीखाली ब्रिटनमध्ये जाऊ लागली होती. केळ्याच्या चकतीचा निधी पेटीला एक डॉलर, पेटी ४० रत्तलांची, म्हणजे १८ किलोच्या वर. २००७ साली सेन्सबरीज आणि वेटरोज या ब्रिटनच्या मोठ्या दुकानदारांनी आपली सगळी केळी चकतीचीच ठेवायचे ठरवले. स्वित्झर्लंडमध्ये तर निम्म्याहून जास्त केळी चकतीची विकली जातात. तिथे साधे केळे शोधावे लागते. हे कॉफीत झाले नाही आणि केळ्यात झाले, याचे कारण माझ्या मते सरळ आहे. निवड गिऱ्हाइकावर सोडली नाही, दुकानदारानेच करून टाकली.

पण त्याच दुकानदारांचे दुसरे अंगही बघा. महागाई मोजणारी बाई दुकानात शिरली की केळ्याचा भाव बघते, तसा आपल्याकडे कांद्याचा बघतात. म्हणून ब्रिटनच्या दुकानदारांत केळे स्वस्त करायची चढाओढ लागली. २०१४ पर्यंतच्या दहा वर्षांत एका सुट्या केळ्याची किंमत साधारण १८ पेन्सांवरून ११ पेन्सांवर आली. त्याच काळात खत, पुठ्ठा, डिझेल, मजुरी सगळे वर गेलेले. दुकानदार म्हणतो, तोटा मी सोसतो. आज सोसतही असेल. पण पुढच्या खरेदीच्या वेळी तो कुणाची मान धरणार? सफरचंदापेक्षा केळे स्वस्त का, याचे उत्तर पुतण्याला इथे मिळेल.

एकूण खर्चाचा आलेख असा. ब्रिटनमध्ये चकतीच्या सगळ्या मालाची विक्री १९९८ साली १ कोटी ६७ लाख पौंड होती. २०१३ पर्यंत ती १७० कोटींच्या वर गेली. पंधरा वर्षांत शंभर पट! आणि २०१४ साली प्रथमच घसरली, जवळजवळ चार टक्क्यांनी. जर्मन धर्तीची स्वस्त दुकाने ब्रिटनमध्ये फोफावली, बड्या दुकानदारांना भाव पाडावे लागले, आणि भाव पाडताना पहिली कात्री बसली ती असल्या जास्तीच्या खर्चाला. २०१७ साली सेन्सबरीजने आपल्या चहावरची फेअरट्रेडची चकती काढून स्वतःची वेगळी खूण लावायचे ठरवले. त्यात निधीचा पैसा कसा खर्चायचा, यावर कंपनीच्या मंडळाची मंजुरी लागणार होती. आफ्रिकेतल्या चहावाल्या शेतकऱ्यांनी जाहीर विरोध केला. पैसा आमच्या कष्टाचा, मग सभा आमची का नाही, हा त्यांचा मुद्दा. सहकारातल्या माणसाला तो पटवून द्यावा लागत नाही.

जाता जाता साखरेविषयी, कारण तुम्ही विचारणारच. २००८ साली टेट अँड लाइल या ब्रिटिश साखर कंपनीने दुकानात विकायची आपली सगळी ऊस-साखर चकतीखाली आणायचे जाहीर केले. ती मुख्यतः मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या ऊस उत्पादकांची. टनाला ६० डॉलर निधी. त्यातून त्यांनी किडीचा बंदोबस्त केला, रस्ते केले. पण साखरेला चकतीतसुद्धा तळभाव नाही, नुसता निधी आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी युरोपने आपल्या बीट साखरेचे कोटे उठवले. बीटवाल्यांनी लागवड वाढवली, साखरेचा भाव कोसळला आणि परदेशी ऊस-साखरेची मागणी आटली. तळच नव्हता, तेव्हा ६० डॉलरचा निधी किती पुरणार? भारतालाही १९७५ पासून युरोपात सवलतीचा थोडा कोटा आहे. तो पुढे दहा हजार टनांवर आला आणि ब्रिटन बाहेर पडल्यावर दोघांत वाटला गेला. आपल्या महाराष्ट्राच्या एका दिवसाच्या साखरेपेक्षाही तो कमी भरेल, म्हणून त्याची फारशी चर्चा होत नाही इतकेच.

कॉफीचा तळभाव ऑगस्ट २०२३ पासून १ डॉलर ८० सेंट केला आहे. त्यानंतर दीड वर्षातच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बाजार रत्तलाला चार डॉलरच्या वर गेला. म्हणजे पुन्हा २०११ चाच प्रसंग, दलाल रोख घेऊन दारात आणि संस्थेचा सेक्रेटरी सभासदाला रोख द्यायला बँकेच्या दारात. पुतण्या गेल्या आठवड्यात परत गेला. विमानतळावर जाण्याआधी त्याने विचारले, "मग मी कोणता पुडा घेऊ?" त्याला सांगितले, चकतीचाच घे, पण त्यावर कोणत्या संस्थेची कॉफी आहे तेही लिहिले आहे का, ते बघून कळव.